राहून गेलेली मोजणी

सोमवारी सकाळी मेहुण्याचा फोन आला तेव्हा मॅनेजर बसच्या टपावरचे भोपळे मोजत होते. सहा होते. शनिवारीही सहाच होते. पण ज्याच्या हनुवटीला मोजायची सवय लागली आहे त्याला काहीतरी मोजायला लागतंच, आणि गेल्या सोळा महिन्यांत मॅनेजरांना मोजायला माणसं मिळाली नव्हती.

हनुवटीचं आधी सांगायला हवं. मॅनेजर म्हणजे एका सहल कंपनीचे मालक. कंपनीची बस एकच, चौतीस सीटांची, निळ्या पडद्यांची. मालक तेच, सूचना देणारे तेच, हरवलेली चप्पल शोधणारे आणि वळणावळणाच्या रस्त्यावर वेळेत पिशवी पुढे करणारेही तेच. प्रवासी त्यांना मॅनेजर म्हणत आणि तेच नाव पडलं. तेवीस वर्षांत त्यांनी एक नेम कधी मोडला नव्हता. मोजणी झाल्याशिवाय चाक हलायचं नाही. चहाला थांबा, धबधब्याला थांबा, नाहीतर कुणाचं पोट बिघडलं म्हणून थांबा, निघताना डोकी मोजायचीच. तीही बोटानं नाही. माणसाकडे बोट दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून ते दाराशी उभे राहून हनुवटीनं मोजत; एका डोक्याला एक झोका. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा गृहस्थ सगळ्यांचंच म्हणणं मान्य करतोय. वर बसलेला देवही आपल्याला रोज मोजत असणार, आणि तोही हनुवटीनंच, अशी मॅनेजरांची मनापासून समजूत होती. तो काही बोट दाखवणाऱ्यातला नाही.

तर मेहुण्याचा फोन.

“दाजी, चार नंबरची खोली मला रविवारच्या आत मोकळी करून द्या.”

मेहुण्याचं बारा खोल्यांचं हॉटेल होतं, तीन तासांच्या वाटेवर, तलावाच्या काठी. ते चालायचं मॅनेजरांसारख्या बसवाल्यांच्या जिवावर. बसेस थांबल्या आणि हॉटेलही थांबलं.

“सोळा महिन्यांनी पहिलं गिऱ्हाईक येतंय,” मेहुणा म्हणाला. “त्यांना तलावाकडची चार नंबरच हवी. आणि चार नंबरात तुमच्या लोकांचं सामान कोंबलेलं.”

“बाकीच्या अकरा खोल्या काय झाल्या?”

“सहा खोल्यांत गाद्यांचे ढीग, तीन खोल्यांना ओल, एकीत खुर्च्या आणि एकीत मी. दाजी, गिऱ्हाईक येतंय हो. काल मी काउंटरवरची घंटा पुसली. मीच वाजवली आणि मीच ‘आलो आलो’ म्हणत गेलो.”

“सामान बरं आहे ना सगळं?”

“दर पंधरा दिवसांनी ऊन दाखवतोय. एका बॅगेत गजराचं घड्याळ होतं बघा. रोज पहाटे पाचला वाजायचं. आठ महिने वाजलं. सुरुवातीला शिव्या घातल्या, मग त्याच्याच गजरानं उठून अंगण झाडायला लागलो. ज्या दिवशी ते बंद पडलं ना, त्या दिवशी वाटलं, आता मात्र आपलं हॉटेल गेलं.”

हे सामान तिथं राहिलं कसं, तर सोळा महिन्यांपूर्वी एकतीस प्रवाशांची सात दिवसांची सहल पाचव्या दिवशी त्या हॉटेलात उतरली होती, आणि दुपारीच जाहीर झालं की साथीमुळे रात्री नऊपासून सगळं बंद. शहरात शिरायचं तर नऊच्या आत, नाहीतर आहात तिथं राहा. मेहुणा म्हणाला, आधी माणसं न्या, सामान दोन दिवसांत पाठवतो. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बसली. शहराच्या तोंडाशी अडथळे लागलेले. बस तिथंच रिकामी करायला लावली. कुणाचा मुलगा स्कूटर घेऊन आला, कुणाचा जावई मोटार घेऊन, कुणी तोंडाला रुमाल बांधून पायीच निघालं. मॅनेजर दाराशी उभे राहिले, हनुवटी वर केली, ‘एक’ म्हणाले, तेवढ्यात शिट्टीवाला पोलीस ओरडला, “ओ काका, मान काय हलवताय, गाडी हलवा.”

त्या सहलीची शेवटची मोजणी राहून गेली.

तेव्हापासून ती यादी कपाटात होती. एकतीस नावं, बहुतेक साठीच्या पुढची. पुढे बातम्या येत गेल्या, ओळखीतली माणसं जात राहिली, आणि मॅनेजरांनी यादीतल्या एकालाही फोन केला नाही. लोकांना वाटे, धंदा बसला म्हणून माणूस खचला. धंद्याची काळजी होतीच. पण छातीवर धोंडा होता तो निराळा. फोन केला आणि पलीकडून कुणी म्हणालं, ते आता नाहीत, तर एकतीस कधीच भरणार नव्हते. फोन न करणाऱ्या माणसाच्या यादीत एकतीसच्या एकतीस होते. हे शहाणपण नव्हे हे त्यांनाही कळत होतं. पण भित्र्या माणसाला जे कळतं ते वळायला वेळ लागतो.

“एक टेम्पो सांगतो,” मॅनेजर बायकोला म्हणाले. “सामान भरून आणू आणि घरोघर पोचवू. कुणाला त्रास नको.”

“घरोघर म्हणजे दार कोण उघडतंय ते बघावं लागेल,” बायको म्हणाली. “त्यापेक्षा फोन करा.”

“तू कर.”

“यादी तुमची. पहिला तुम्ही करा, पुढचं बघू.”

पहिलं नाव होतं खिडकीबाईंचं. पाळण्यातलं नाव वेगळं, पण गेल्या अकरा सहलींत या बाईंनी खिडकीसाठी जे जे केलं होतं त्यावरून हेच नाव पडलं होतं. मॅनेजरांनी देवाचं नाव घेतलं आणि आकडे दाबले. चार वेळा घंटी वाजली. पाचव्या वेळेला मॅनेजर फोन ठेवायलाच निघाले.

“कोण, मॅनेजर? सोळा महिने झाले, माझी बॅग कुठाय?”

आपल्यावर कुणी खेकसलं म्हणून डोळ्यांत पाणी यावं असा प्रसंग मॅनेजरांच्या आयुष्यात दोनदाच आला. पहिला लग्नानंतर आला होता, त्याची ही जागा नव्हे.

“बॅग सुखरूप आहे ताई. टेम्पोनं आणतोय.”

“टेम्पोवाला माझ्या बॅगेला हात लावणार? काही गरज नाही. मी स्वतः येते. दोन दिवसांची सहल तुमच्याकडे बाकी आहेच आमची. बस काढा.”

त्यांना म्हणायचं होतं, ‘बस काढणं सोपं नाही.’ पण खिडकीबाईंनी फोन ठेवला होता आणि दुसऱ्या प्रवाशाला लावलाही होता. दुपारी चारपर्यंत मॅनेजरांना तेवीस फोन आले. सगळ्यांना टेम्पोचा अपमान वाटला होता, सगळे शनिवारी सामान आणायला स्वतः येणार होते, आणि सगळ्यांना आधी बसलो होतो तीच सीट हवी होती. उरलेल्यांपैकी सहा जण बायकोनं फोन करून गाठले. संध्याकाळी यादीत तीस खुणा झाल्या. एक जागा कोरी राहिली. सतरा नंबर.

सतरा नंबरच्या सीटवरचे गृहस्थ एकटे यायचे, कमी बोलायचे आणि प्रत्येक थांब्यावर बरोबर अर्धा तास उशिरा परत यायचे. कुठं होतात म्हटलं तर सांगायचे, “सहज बघत होतो.” अख्खी बस त्यांच्या नावानं खडे फोडायची. मॅनेजरांनी त्यावर एक तोड काढली होती. बस नऊला सुटायची असली की सतरा नंबरला साडेआठ सांगायचं. मग ते नऊला टेकायचे आणि वर म्हणायचे, “सुटली नाही ना अजून?”

मॅनेजरांनी त्यांचा फोन लावला. पलीकडून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, “आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.”

त्या रेकॉर्ड केलेल्या बाईंचा काय दोष. पण मॅनेजर त्या रात्री नीट जेवले नाहीत.

मंगळवारी बस काढायला घेतली. बस सोसायटीच्या मागच्या अंगणात उभी होती आणि सोळा महिन्यांत ती सोसायटीचीच झाली होती. उजव्या आरशाला कपड्यांची दोरी होती. कमिटीच्या बैठका बसमध्ये भरत, कारण एकेक सीट सोडून बसता यायचं. आणि मागच्या शिडीवरून टपावर चढला होता तळमजल्यावरच्या काकूंचा भोपळ्याचा वेल.

“वेल तोडायचा नाही,” काकू म्हणाल्या. “फळावर आलेला वेल तोडणं मला जमणार नाही. पंधरा दिवस थांबा.”

“काकू, रविवारच्या आत खोली मोकळी करायची आहे.”

“मग वेलासकट न्या. मूळ पिंपात आहे त्याचं, जमिनीत नाही. सहा भोपळे आहेत, मी मोजलेत.”

“मीही मोजलेत,” मॅनेजर म्हणाले.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर गॅलरीतून सल्ला देत होते. आयुष्यभर पुलांवर काम केलेला माणूस बसच्या बॅटरीबद्दल गप्प राहील ही अपेक्षाच चुकीची. बॅटरी मेलेली नाही, ती निजलेली आहे, असं त्यांचं निदान होतं. दोन तास सगळ्यांनी बॅटरीला जागवून पाहिलं. शेवटी एकदाच बसचा भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. तो थांबवायला इंजिनिअरसाहेबांनी जी वायर ओढली तिनं पुढचे दिवेही गेले. “आता निदान एक गोष्ट पक्की झाली,” ते वरून म्हणाले, “दोष वायरिंगमध्ये आहे.” जुना ड्रायव्हर आता पावाची व्हॅन चालवत होता, त्यानं शनिवारची सुट्टी काढायचं कबूल केलं, पण म्हणाला, “मॅनेजर, आधी कागद बघा. कागदाशिवाय मी बसणार नाही.”

बुधवारी मॅनेजर वाहन कचेरीत गेले. काउंटरला प्लॅस्टिकचा पडदा होता आणि त्याला बोलण्यासाठी भोक होतं, तेही कमरेच्या उंचीवर. त्यामुळे ज्याला काही मागायचं असेल त्याला वाकूनच मागावं लागे. तेवीस वर्षांचा व्यावसायिक माणूस त्या भोकाशी तोंड नेऊन म्हणाला, “नमस्कार. गाडी सुरू करायची आहे.”

कारकुनानं कागद चाळले. “गाडी वापरात नाही असं तुम्हीच लिहून दिलंय.”

“तेव्हा नव्हती. आता वापरायची आहे.”

“मग तपासणीला आणा.”

“उद्याच आणतो.”

“कशी आणणार? वापरात नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.”

“मग तपासणी आमच्या अंगणात करता येईल का?”

“साहेब कुठे जात नाहीत. साहेबांची गाडी पण वापरात नाही.”

मॅनेजर थोडा वेळ वाकलेलेच राहिले. सरळ व्हावं तर रांगेतला मागचा माणूस भोकाशी तोंड घालायला टपलेला. कारकुनाला दया आली असावी. तो म्हणाला, “चालवता येत नाही म्हटलं मी. ओढता येते.”

“आणि माणसं एकतीस आहेत.”

“आसनांच्या निम्मी. सतरा.”

हा आकडा ऐकून मॅनेजरांना यादीतली कोरी जागा आठवली. कारकुनाला त्यातलं काय कळणार; तो पुढे वाचत होता. “अडकलेल्या प्रवाशांना मात्र पूर्ण क्षमतेची सूट आहे. तो आदेश कुणी मागे घेतलेला नाही. तुमचे अडकलेत का?”

“अडकलेत.”

“कुठे?”

“आपापल्या घरी.”

कारकुनानं पेन खाली ठेवलं. “काका, घरी राहण्याला अडकणं म्हणत नाहीत. निदान कागदावर तरी नाही. सहल संपली कधी?”

“संपली नाही,” मॅनेजर म्हणाले. “म्हणजे माणसं घरी गेली. पण शेवटची मोजणी राहिली. आमच्याकडे मोजणी झाल्याशिवाय सहल संपली असं म्हणत नाहीत.”

हे ते कारकुनाला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. सोळा महिन्यांत बायकोखेरीज कुणाजवळ ते हे बोलले नव्हते, आणि आता कमरेत वाकून एका भोकात बोलत होते. कारकून मात्र एकदम सावरून बसला. ज्या माणसाला दिवसभर नियमाबाहेरची माणसं भेटतात त्याला नियमात बसणारं काही सापडलं की किती आनंद होतो, हे त्याचं तोंड बघून कळत होतं.

“मोजणी अपूर्ण? मग प्रवास चालू आहे. प्रवासी वाटेत आहेत.” त्यानं अर्जावर लिहिलं, ‘प्रवास अद्याप पूर्ण नाही’, शिक्का उचलला आणि तो हवेतच धरून हळू आवाजात विचारलं, “एकतीसच्या एकतीस आहेत ना पण?”

“तेच बघायचंय.”

कारकुनानं शिक्का मारला. जरा जपूनच मारला.

गुरुवारी बस कचेरीत गेली, म्हणजे नेली गेली. पुढे क्रेन, मागे बस, बसच्या टपावर पिंप, पिंपातून निघालेला वेल आणि सहा भोपळे. स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं म्हणून मॅनेजर स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसले. ओढल्या जाणाऱ्या वाहनात बसलेल्या माणसानं चेहरा कसा ठेवावा याचं शिक्षण कुठंच मिळत नाही. त्यांनी तो सरळ समोर ठेवला. सोसायटीची सगळी माणसं गॅलरीत आली. काकूंनी डोळ्याला पदर लावला. बससाठी की वेलासाठी ते समजलं नाही. इंजिनिअरसाहेब ओरडले, “ब्रेक दाबू नका.” ते ऐकून मॅनेजरांनी दचकून ब्रेक दाबला आणि एक भोपळा घरंगळून पुढच्या काचेवर येऊन लोंबकळू लागला. चौकात रोजच्या दुकानदारानं हात केला.

“मॅनेजर, चालली का बस?”

“चालली,” मॅनेजर भोपळ्याच्या बाजूनं वाकून म्हणाले.

तपासनीसानं ब्रेक बघितले, टायर बघितले, वर बघितलं आणि लिहिलं, ‘टपावर शेतमाल’. प्रवासी गाडीत शेतमाल चालत नाही. त्यावर अर्धा तास खल झाला. शेवटी असं ठरलं की मुळासकट असलेला माल हा माल नसून झाड आहे, आणि झाड हे वैयक्तिक सामानात धरता येतं. नवी बॅटरी बसली, दिवे लागले, कागद हातात पडला. संध्याकाळी पावाची फेरी संपवून ड्रायव्हर आला आणि बस आपल्या पायांनी घरी परतली. मॅनेजर मागच्या सीटवर बसून आले. सतरा नंबरच्या सीटवर त्यांनी एकदा हात ठेवला, उगाच.

शुक्रवारी सकाळी ते सतरा नंबरच्या घरी गेले. तिसरा मजला. दाराला कुलूप, कुलपावर धूळ. शेजारणीनं साखळी न काढता दार उघडलं.

“त्यांना नेलं हो,” ती म्हणाली. “कधीचं. पांढरी गाडी आली होती, दोघांनी धरून नेलं. नंतर काही कळलं नाही.”

मॅनेजर जिन्यात बसले. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. तीस फोन त्यानं उचलवले होते. हावरटपणा किती करावा. पण एकतिसाव्यावाचून तीस म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसेल असंही नाही, तोही मोजणाराच. त्यांनी खिशातून वही काढली आणि चिठ्ठी लिहिली. ‘राहिलेली सहल शनिवारी. नेहमीच्या जागी, शाळेच्या फाटकासमोर. तुमची सीट ठेवली आहे.’ वेळ लिहिताना हात थांबला. आता या माणसाशी खोटं काय बोलायचं, असं वाटून त्यांना गहिवरून आलं. त्यांनी लिहिलं, ‘सकाळी नऊ’. खरीखुरी वेळ. चिठ्ठी दाराखालून आत सरकवली आणि डोळे पुसत खाली उतरले.

शनिवारी आठलाच माणसं फाटकासमोर हजर. तोंडाला मास्क, दोन्ही लशी टोचल्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकमेकांना ओळखायला जरा वेळ लागत होता आणि ओळखल्यावर सोडवत नव्हतं. खिडकीबाई काठी टेकत आल्या. साथीत त्या तेवीस दिवस दवाखान्यात होत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. “तेवीस दिवस एक पंखा बघत पडले होते,” त्या म्हणाल्या. “खोलीला खिडकी नव्हती.” हे ऐकून चार जण खिडकीतून उठले. बाईंना अवघडल्यासारखं झालं. न भांडता मिळालेल्या खिडकीत कसं बसायचं त्यांना माहीत नव्हतं. “असं नका करू बाई,” त्या म्हणाल्या, “कुणीतरी नाही म्हणा.” तेव्हा मागचे एक काका, भला माणूस, म्हणाले, “ही खिडकी माझी आहे, मी उठणार नाही.” मग बाईंनी त्यांना चांगलं दहा मिनिटं झाडलं, उठवलं, आणि समाधानानं बसल्या.

नऊ वाजले. मॅनेजर दाराशी उभे राहिले. हनुवटी वर केली. मास्कमुळे ती दिसत नव्हती, पण सगळ्यांना माहीत होतं, बस आपोआप गप्प झाली. एक, दोन, तीन. सतराव्या सीटवरून झोका रिकामाच गेला. तीस.

ड्रायव्हरनं सवयीनं गाडी सुरू केली.

“थांब जरा,” मॅनेजर म्हणाले.

नऊ वाजून पाच मिनिटं. दहा. याच बसमध्ये पूर्वी पाच मिनिटं झाली की सीटच्या पाठी बडवायला सुरुवात व्हायची. आज घड्याळाकडे कुणी बघेना. जो तो पडद्याच्या चुण्या नीट करत होता. खिडकीबाई म्हणाल्या, “आमची काही घाई नाही बरं का,” आणि त्यांचा आवाज त्यांचा वाटला नाही.

पुढच्या सीटवरून बायकोनं हळूच विचारलं, “अहो, चिठ्ठीत वेळ काय घातली होती?”

“नऊ.”

“साडेआठ नाही?”

“नाही. म्हटलं, आता कशाला खोटं…”

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि बसकडे वळून, पदर सावरून, एखादी सूचना द्यावी तसं म्हणाली, “मंडळी, यांनी सतरा नंबरला खरी वेळ कळवली आहे.”

क्षणभर कुणाच्या लक्षात येईना. मग मागचे काका बोटं मोजत म्हणाले, “म्हणजे तो जर यायचाच असेल, तर साडेनऊच्या आत येणारच नाही.”

“अरे देवा,” खिडकीबाई म्हणाल्या. “मॅनेजर, तुम्हाला एवढं कळू नये?”

आता मात्र सगळ्यांनी घड्याळं काढली. नऊ बावीस. नऊ सत्तावीस. तीस माणसं उजव्या बाजूच्या काचांना नाकं लावून बसली. बस किंचित कलली असावी. साडेनऊ झाले. रस्ता रिकामा. नऊ एकतीस झाले. मॅनेजरांनी डोळे मिटले, कारण हनुवटीला आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

“तो बघा,” ड्रायव्हर म्हणाला.

फाटकाच्या पलीकडे, सायकलच्या दुकानासमोर, एक वाळलेले गृहस्थ पाठीमागे हात बांधून उभे होते आणि दुकानात टांगलेली चाकं बघत होते. बघून झाल्यावर रस्ता ओलांडून ते सावकाश आले, पायरीवर पाऊल ठेवलं आणि म्हणाले, “सुटली नाही ना अजून?”

त्यानंतर बसमध्ये जो गलका झाला तो शाळेला सुट्टी होती म्हणून बरं. तीस माणसं एकदम त्या गृहस्थांना बोलत होती. खिडकीबाई म्हणाल्या, तुम्हाला लाज नाही. काका म्हणाले, माणसानं काही सुधारायचं की नाही. हे सगळं म्हणताना एकीनं त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती आणि दुसरी त्यांना पाणी देत होती.

“होतात कुठं तुम्ही?” मॅनेजरांनी विचारलं.

“बहिणीकडे. पाय मोडला होता, भाचा येऊन घेऊन गेला. फोन विहिरीत पडला. काल कपडे न्यायला घरी आलो तर पायाखाली चिठ्ठी.”

“पांढरी गाडी तुमच्या भाच्याची?”

“हो. का?”

“काही नाही. आज तरी वेळेवर यायचं होतं.”

“कसा येणार?” सतरा नंबर शांतपणे म्हणाले. “गजराचं घड्याळ माझ्या बॅगेत. बॅग तुमच्या हॉटेलात.”

मॅनेजरांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. या वेळी त्यांनी मास्क खाली ओढला, नियमाविरुद्ध, पण क्षणभरच. एकतीस. चाक हललं.

हॉटेलला पोचायला तीनऐवजी पाच तास लागले, कारण ड्रायव्हर सवयीनं वाटेतल्या प्रत्येक पावाच्या दुकानापुढे थांबत होता. प्रत्येक थांब्याला मोजणी झाली. मेहुणा दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं एकतीस जणांना एकेक करून आत बोलावलं आणि प्रत्येकाला काउंटरवरची घंटा वाजवायला लावली. प्रत्येक वेळी तो “आलो आलो” म्हणत आतून बाहेर आला. चार नंबर मोकळी झाली. सतरा नंबरांनी बॅगेतून घड्याळ काढलं, मेहुण्यानं त्यात नवा सेल घातला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, सतरा नंबरांनी ते घड्याळ काउंटरवरच ठेवलं. “तुम्हाला झाडायला उठायचं असतं,” ते म्हणाले. काकूंच्या वेलाचं पिंप तलावाकडच्या भिंतीशी उतरवायचं ठरलं. त्याला ऊन मानवत होतं, आणि काकूंना तसं फोनवर विचारूनच ठरलं. पाच भोपळे वेलावर राहिले. काचेवर लोंबकळलेला सहावा तेवढा पिकला होता, तो परत आला.

परतताना, दिवस मावळायच्या सुमाराला, शहराच्या तोंडाशी जिथं तेव्हा अडथळे होते तिथं मॅनेजरांनी बस थांबवायला सांगितली. आता तिथं काही नव्हतं, एक उसाच्या रसाची गाडी तेवढी होती. ते दाराशी उभे राहिले. एक. दोन. तीन. कुणी शिट्टी वाजवली नाही. एकतीस झाल्यावर ते म्हणाले, “मंडळी, सहल संपली,” आणि खाली बसले. मग खिडकीबाईंनी विचारलं, “पुढची कधी?” तर त्यांनी हनुवटीच हलवली.

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला, पोटभर जेवले, आणि कपाटातली यादी काढून टेबलावर पसरली. सतराव्या नावासमोर खूण केली. मग पेन्सिलीला टोक करून, पुढच्या वेळेसाठी, नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं:

‘यांना अर्धा तास आधीचीच वेळ सांगणे. कितीही गहिवरून आलं तरी.’